चुनखडीच्या खाणी, त्यातले जीव आणि खाणीनंतरची जमीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहते बोरिवलीला आणि काम करते चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात. खाण संपत आलेल्या जमिनीवर माती, गवत आणि झाडं परत कशी आणायची, हे ठरवणं माझं काम. नॅशनल पार्कातली रविवारची फेरी असो, सोसायटीच्या गणपतीचा मांडव असो की विरार लोकलमधली चौथी सीट, प्रश्न ठरलेलेच येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

मुंबईत चुनखडीची खाण आहे कुठे?

नाही. मुंबई उभी आहे ती मुख्यतः काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याचाच सुमारे २०० फूट उंच खांब, वय साधारण ६.६ कोटी वर्षं. चांदिवली, मालाड, कांदिवली, पारसिकच्या डोंगररांगा इथल्या जुन्या-नव्या खदानी खडीच्या आणि डबराच्या. महाराष्ट्रातला चुनखडक आहे प्रामुख्याने चंद्रपूर आणि यवतमाळकडे. कोरपना, राजुरा, वणी ही त्या पट्ट्यातली नावं.

तरी चुनखडी मुंबईत आहेच. फोर्टमधल्या जुन्या इमारतींवर जो फिकट, पिवळसर पांढरा दगड दिसतो, त्यातला बराचसा पोरबंदरचा, आणि तो चुनखडकच. उरलेली चुनखडी गोणीतून येते.

गोणीतून म्हणजे?

सिमेंटच्या. चुनखडी भट्टीत भाजली की क्लिंकर होतो, तो दळला की सिमेंट. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. साध्या ओपीसी सिमेंटमध्ये जवळपास सगळा क्लिंकरच असतो, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीमागे ढोबळमानाने ७० किलो दगड खाणीतून निघालेला असतो. शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यात भट्टीचा कोळसा धरलेला नाही, हा वायू दगडाच्या पोटातूनच निघतो. तुमच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालू असेल तर गेटवर उभं राहून मिक्सरचे ट्रक मोजा. तेवढा खड्डा कुठेतरी पडलेला आहे.

खाण लागली की नेमकं काय जातं? झाडंच ना?

झाडं डोळ्यांना दिसतात, म्हणून हळहळ त्यांच्यापुरती. खरं नुकसान मातीच्या वरच्या वीतभर थरात होतं. बियांचा साठा, बुरशीचे धागे, गांडुळं, वाळवी, मुंग्या, कंद सगळं तिथेच असतं. जंगल उभं राहतं ते या थराच्या जिवावर.

चुनखडकाची आणखी एक गोष्ट. पाण्याने तो झिजतो, त्यात भेगा आणि गुहा तयार होतात. भेगांतून पाणी वाहतं, गुहांत वटवाघळं राहतात, आणि काही जीव एका टेकडीपुरतेच जन्माला येतात. गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे चुनखडकाच्या टेकड्यांवर तिचे अनेक स्थानिक प्रकार सापडतात. मलेशियात बुकिट पंचिंग नावाच्या टेकडीवर प्लेक्टोस्टोमा सायाफिलम ही इवलीशी गोगलगाय राहत होती, जगात दुसरीकडे कुठेही नाही. सिमेंटसाठी टेकडी खणून संपली, गोगलगायही संपली. अशा जागी नंतर किती झाडं लावता याला अर्थ उरत नाही. काही टेकड्यांना हातच लावायचा नसतो, आणि हे खाणीचा नकाशा काढण्याआधी ठरवावं लागतं.

चालू खाणीत कुठले जीव राहत असतील, हे खरं वाटत नाही.

मलाही वाटलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत एका खाणीच्या बंद पडलेल्या बाजूला आम्ही रोपांची मोजणी करत होतो. सोबतच्या मावशींनी बोट वर केलं. तिसऱ्या बेंचच्या, म्हणजे खाणीच्या कड्यात कापलेल्या पायरीच्या, कपारीत, सुरुंगाच्या जुन्या भोकाशेजारी, शृंगी घुबड बसलं होतं. नारिंगी डोळे अर्धे मिटलेले, कानावरची पिसं उभी. खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि उंदरांच्या हाडांनी भरलेल्या उलट्यांच्या गोळ्या. म्हणजे ते तिथे नुसतं विसावलं नव्हतं, घर करून होतं. त्या बेंचला मातीचा उतार देऊन झाडं लावण्याचं आमच्या आराखड्यात होतं. आम्ही ती ओळ खोडली.

उभा कडा माणसाला जखमेसारखा दिसतो, घुबडाला, ससाण्याला, पाकोळ्यांना आणि आग्या मधमाश्यांना तो हवाच असतो. मऊ मातीच्या उभ्या कापात वेडे राघू उन्हाळ्यात बिळं करतात. पावसाच्या डबक्यात बेडूक, डबक्याच्या काठी खड्यांमध्ये टिटवीची अंडी. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणीतही शृंगी घुबडाच्या युरोपीय भाईबंदाने घर केलं, खाण चालू असताना. तिथलं खणणं २०१८ मध्ये थांबलं.

म्हणून पुनर्स्थापनेच्या आराखड्यात पहिल्या पानावर ‘कशाला हात लावायचा नाही’ याची यादी असावी, असं माझं मत आहे. बहुतेक आराखड्यांत ती नसते.

खड्डा परत भरून का टाकत नाहीत?

भरायचा कशाने? कोळशाच्या खाणीत वरची माती-दगड भरपूर निघतात. चुनखडीच्या बऱ्याच खाणींत दगड जवळपास वरच असतो, ओबी म्हणजे वरचा निरुपयोगी थर पातळ. काढलेला दगड तर सिमेंट होऊन मुंबईला आलेला आहे. त्यामुळे काही भाग भरता येतो, बाकीच्याचं तळं, गवताळ माळ किंवा पायऱ्यापायऱ्यांचं रान करावं लागतं.

‘मग मुंबईचा राडारोडा तिकडे टाका’ असं एका काकांनी सुचवलं होतं. नको. वाहतुकीचा खर्च सोडाच, त्यात प्लास्टिक, रंग, पीओपी, काय काय येतं, आणि भेगाळ चुनखडकातून ते थेट गावाच्या विहिरीत उतरतं.

काम सुरू कुठून करायचं?

खाण सुरू होण्याच्या आधीपासून. हे उत्तर कोणालाच आवडत नाही.

खणण्याआधी वरची माती वेगळी काढायची, मुरमात मिसळू द्यायची नाही. एका हेक्टरवरचा २० सेंटीमीटरचा थर म्हणजे २,००० घनमीटर माती. इतका ढीग ठेवायला जागा लागते, म्हणून जागा वाचवायला लोक तो उंच रचतात, आणि तिथेच घात होतो. एका साइटवर चारेक मीटर उंचीचा, काही वर्षं पडून असलेला ढिगारा मी पोकलेनने उघडताना पाहिला. वरच्या हातभर मातीत तरोटा माजलेला, मुळं, मुंग्या, सगळं जिवंत. त्याखाली माती निळसर करडी, दाबलेली, आंबूस वासाची. मावशींनी मूठभर उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “माती मेली जी, बाई.” आत हवा नव्हती. बिया कुजल्या होत्या, गांडूळ तर एकही नाही.

तेव्हापासून माझा नियम: ढीग दोन मीटरच्या आत, वर लगेच ताग किंवा कुळीथ पेरायचा, भोवती चर, आणि शक्य असेल तर ढीग करायचाच नाही. एका बाजूची माती काढली की त्याच आठवड्यात खाणीच्या संपलेल्या बाजूवर पसरायची. ताज्या मातीतून जे उगवतं ते कुठल्याही नर्सरीत विकत मिळत नाही.

माती पसरण्याआधी तळ फोडायचा. डंपरच्या चाकांनी खाणीचा तळ डांबरी रस्त्यासारखा घट्ट होतो. माझ्या पहिल्या कामात मी हे केलं नाही. खड्डे घेतले, शेणखत घातलं, रोपं लावली, पावसाळ्यात सगळी हिरवीगार. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. मार्गशीर्षात वाळायला लागली. एक उपटून पाहिलं तर मुळं खड्ड्यातच जिलबीसारखी गोल फिरलेली. आम्ही झाडं जमिनीत लावलीच नव्हती, दगडी कुंड्यांत लावली होती. आता रिपर, म्हणजे जमीन खोल फोडणारा दाता, फिरवल्याशिवाय एकही खड्डा घेत नाही.

उतारांचंही तसंच. ओबीच्या ढिगाऱ्याचा उतार आधी कमी करायचा, मग त्यावर सलग समतल चर, पायथ्याशी दगडी बांध. नाहीतर पहिल्याच मृगात माती शेजारच्या कापसाच्या शेतात जाते आणि शेतकऱ्याच्या शिव्या योग्य माणसाला पडत नाहीत.

कुठली झाडं लावता?

आधी गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. ते माती धरतं, सावली करतं, आणि गावच्या गुरांना चाराही होतो. खाणकाम संपलेल्या जमिनीवर गवत परत वाढवावं, ही अट खाणपट्ट्यांना घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला, त्यातही चाऱ्याचा विचार होता. मुंबईकरांना गवत म्हणजे ‘अजून काही लावलेलं दिसत नाही’ असं वाटतं. माळरान हीसुद्धा एक पूर्ण परिसंस्था आहे.

मग त्या भागातली कोरड्या पानगळीची झाडं. खडकाळ उतारावर सालई, कांडोळ, मोई, धावडा. जरा माती असेल तिथे पळस, बोर, खैर, बेहडा, चारोळी, तेंदू. ओलाव्याजवळ करंज, उंबर. मोह लावायलाच हवा, गावाला विचाराल तर तोच पहिला सांगतील.

चुनखडीच्या जमिनीत एक दुखणं हमखास: केवडा. पान पिवळं, शिरा हिरव्या. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. जमीन अल्कधर्मी असल्याने लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, स्फुरदही अडकून बसतं. त्यावर पिशवीतलं खत ओतत राहणं हा महागडा उपाय. शेणखत, पालापाचोळा आणि मुळांवरची उपयोगी बुरशी असलेली जंगलातली मूठभर माती यांनी हळूहळू फरक पडतो. आणि चुन्याच्या जमिनीत मुळात वाढणारी झाडं निवडली तर निम्मा त्रास वाचतो. आजूबाजूच्या न खणलेल्या टेकडीवर काय उगवलंय ते बघून या, यादी तिथे लिहिलेलीच असते.

सुबाभूळ, गिरिपुष्प पटकन वाढतात. ती का नकोत?

पटकन वाढतात म्हणूनच ती लावली जातात. तपासणीला साहेब येईपर्यंत हिरवं दिसायला हवं. सुबाभूळ पुढे स्वतःची पोरं इतकी पसरवते की दुसऱ्या कोणाला जागा मिळत नाही.

पण मी याबाबतीत कट्टर नाही, आणि त्याचं कारण केनियातलं एक उदाहरण आहे. मोम्बासाजवळ बांबुरीच्या सिमेंट कारखान्याची चुनखडीची खाण होती. तळ पांढराफटक, खारट पाण्याच्या पातळीपर्यंत खणलेला. १९७१ मध्ये रेने हालर यांनी तिथे २६ प्रकारची झाडं लावून पाहिली. तीनच जगली, त्यातलं एक सुरू, आपल्या कोकण किनाऱ्यावर लावलेलं दिसतं तेच. सुरूच्या मुळांवरचे जिवाणू हवेतलं नत्र धरतात, त्यामुळे मातीशिवायही ते तगलं. पण सुया गळून साचायला लागल्या, कुजेनात. तेव्हा हालर यांनी लाल पायांचे वाणी आणून सोडले, म्हणजे आपण पावसाळ्यात पाहतो ते ‘पैसा’ किडे. ते सुया खायचे, त्यांच्या विष्ठेपासून माती तयार व्हायला लागली. त्या मातीत मग इतर झाडं आली, पक्षी आले. आज तिथे हालर पार्क आहे, पाणघोड्यांसकट.

सुरू तिथलं नव्हतं. पण त्याला दाईचं काम दिलं होतं, आणि पाठोपाठ दुसऱ्या झाडांना जागा करून दिली. आपल्याकडे दाईलाच घर लिहून देतात, हा फरक आहे. शिवाय आपल्याकडे नत्र धरणारी देशी झाडंझुडपं आहेतच, खैर आहे, बाभूळ आहे.

मियावाकी? बिजगोळे?

मियावाकी, म्हणजे झाडं दाटीने लावण्याची पद्धत, शहरातल्या छोट्या तुकड्यावर, पाण्याची सोय असताना ठीक. शेकडो हेक्टरच्या कोरड्या खाणीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार झाडं कोंबायची तर आधी तेवढी माती आणि टँकर आणा. बिजगोळे, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, टाकण्याची सहल छान होते. उघड्या खडकावर पडलेले गोळे बहुतेक उंदरांच्या आणि मुंग्यांच्या पोटात जातात. टोकन पद्धतीने बी मातीत गाडलं तर जास्त उगवतं, पण त्यात फेकण्याची मजा नाही.

किती वर्षं लागतात?

गवत पहिल्या-दुसऱ्या पावसात. झुडपांचं रान पाच-सात वर्षांत. जंगल म्हणावं असं काही माझ्या निवृत्तीनंतर.

खाणीत साचलेल्या पाण्याचं काय करता?

हे पाणी दिसायला निळं-हिरवं, नितळ असतं. काही ठिकाणी गावांना ते शेतीसाठी मिळतं आणि उन्हाळ्यात त्याचा मोठा आधार होतो. पण उलट बाजूही आहे. खाण चालू असताना ती कोरडी ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात, आणि पाण्याच्या पातळीखाली खणलं असेल तर आसपासच्या विहिरी उतरतात. तळं मिळालं म्हणून आनंद मानताना आधी काय गेलं तेही मोजावं.

तळं जिवंत करायचं तर काठ उथळ हवा. उभ्या कडांच्या खोल हौदात बदकांना पाय टेकायला जागा नसते, पाणवनस्पती मूळ धरत नाहीत. एका बाजूला मातीचा सौम्य उतार केला की लव्हाळा, पाणकणीस आपोआप येतात, मागून पक्षी. तोच उतार माणसाचा आणि गुराचा जीवही वाचवतो. मुंबई आणि नवी मुंबईच्या जुन्या खदानींत दर पावसाळ्यात पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. पाणी शांत दिसतं, दोन पावलांवर तळ गायब होतो. कृपा करून उतरू नका.

धुळीचा त्रास?

होतो. पानांवर चुन्याचा थर बसला की पान गुदमरतं. रस्त्यावर पाणी मारणं, झाकलेले कन्व्हेयर, खाण आणि शेत यांच्यामध्ये झाडांचा दाट पट्टा हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. टँकर दुपारी खरंच फिरतो का, एवढंच बघायचं.

कायदा काय सांगतो?

चुनखडी प्रमुख खनिजात मोडते, त्यामुळे तिचं नियमन केंद्राकडे, १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली. देखरेख नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोची. आपल्याकडची खडी गौण खनिज, ती राज्याकडे.

२०१७ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांनुसार खाण चालू असतानाच ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची योजना द्यावी लागते, आणि पूर्ण बंद करण्याआधी अंतिम योजना. त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ही रक्कम मोठ्या, यांत्रिक ‘अ’ वर्गाच्या खाणींसाठी हेक्टरी ३ लाखांवरून ५ लाख आणि ‘ब’ वर्गासाठी २ लाखांवरून ३ लाख रुपये झाली. त्याच दुरुस्तीने ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यांना, तसंच वर्षाला १० लाख टन किंवा जास्त उत्खननाची योजना असलेल्या खाणींना दरवर्षी ड्रोनने पाहणी सक्तीची केली, पट्ट्याबाहेरच्या १०० मीटरसह. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा नियम हा. कागदावरचं रान वरून बघता येतं.

काम खरं झालंय की फोटोपुरतं, हे कसं ओळखायचं?

एका ठिकाणी मला फाटकाजवळ मोठा फलक दाखवला: इतकी झाडं लावली. आकडा दरवर्षी वाढत गेलेला. मी विचारलं, मागच्या वर्षीची किती जगली? गाडीत शांतता. पुढे कळलं की त्याच त्या खड्ड्यांत दरवर्षी नवी रोपं लागत होती.

म्हणून लावलेल्यांचा आकडा विचारू नका. तीन वर्षांनी किती उरली ते विचारा. न लावता आपोआप उगवलेली रोपं दिसतात का ते वाका आणि बघा. पालापाचोळा उचलून खाली किडे आहेत का बघा. सगळी झाडं एका उंचीची, एका ओळीत असतील तर ती शेती झाली. आणि गावातल्या बायकांना विचारा, सरपण, तेंदूपत्ता, मोहफुलं आता कुठून आणता? त्यांचं उत्तर कुठल्याही अहवालात सापडत नाही.

हे सगळं मुंबईच्या दगडखाणींना लागू होतं का?

बरंचसं. बेसॉल्टमध्ये केवड्याची चिंता कमी, पाऊस विदर्भापेक्षा खूप जास्त, त्यामुळे कड्यांच्या फटींत उंबर-पिंपळ न बोलावता येतात. अडचण जागेची. मुंबईत खदान बंद पडली की जमीन बरी होण्याआधी तिच्यावर टॉवरचा आराखडा तयार असतो. पण इथेही उदाहरण आहे. माहीम-धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांवर आहे आणि ती जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती. मिठीच्या काठी, बीकेसीच्या काचांसमोर आज तिथे फुलपाखरं मोजायला लोक येतात.

मुंबईत बसून मी काय करू शकते?

रीडेव्हलपमेंटची कमिटी असेल तर बिल्डरला विचारा, कुठलं सिमेंट वापरता. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची राख, चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी. जेवढा क्लिंकर कमी, तेवढा दगड कमी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच, हे सांगायला नको.

पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर बघता येतात. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, तेव्हा लेखी हरकत पाठवता येते. हरकतीत ‘निसर्ग वाचवा’ लिहू नका. माती कुठे ठेवणार, ढीग किती उंच, कुठला कडा राखणार, विहिरींची पातळी कोण मोजणार, असं लिहा. उत्तर द्यावं लागतं.

आम्हाला खाण बघायला नेता का?

चालू खाणीत नाही, तिथे सुरुंग उडतात. बंद झालेल्या भागात वर्षातून एकदा, पावसानंतर, आठ-दहा जणांना परवानगी मिळते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट आणि स्वतःची पाण्याची बाटली लागते. घुबडाच्या बेंचकडे जायला मिळणार नाही. ते अजून तिथेच आहे.